वासू ऐकेना

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी मैत्रेयी हॅनोव्हरहून स्टुटगार्टला आली ती दोन कामं घेऊन. देवदत्तकाकाच्या केलरमध्ये, म्हणजे इमारतीखालच्या तळघरात, दीड वर्षापासून पडून असलेली बाबांची सायकल तिला न्यायची होती. एवढं तिने फोनवर सांगितलं होतं. दुसरं काम तिने स्वरूपाकाकूच्या हातची थालीपीठं खाऊन झाल्यावर काढलं.

"काका, जुलैमध्ये मला तीच टूर करायची आहे. बाबाची. प्लॅन करायला मदत करशील?"

देवदत्तने कप खाली ठेवला. ओट्यापाशी उभ्या असलेल्या स्वरूपाने मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं आणि पुन्हा तव्याकडे लक्ष दिलं.

"जुलैमध्ये तिकडे भाजून निघतं गं," तो म्हणाला. "काय झालं ते तुला माहीत आहे."

"गेनाऊ, बरोबर. म्हणून तर नीट प्लॅन करायचाय. ते सायकल मी खाली जाऊन बघून आले. चेन गंजली आहे, बाकी ठीक आहे."

मैत्रेयी वीस वर्षांची. जन्म लुडविग्सबुर्गचा, शाळा इथलीच. सायकलला 'ते' म्हणायची, जर्मनमध्ये म्हणतात म्हणून. मराठी तिला सगळं कळायचं, पण बोलायची वेळ आली की तोंडात आधी जर्मन यायचं. काकाशी मात्र ती अडखळत का होईना मराठीतच बोले. ती सवय बाबाने लावलेली होती. बाबा गेल्यावर ती टिकावी म्हणून दुसरं कुणी धडपडत नव्हतं.

देवदत्त खानोलकर आणि वासुदेव किरपेकर सांगलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात चार वर्षं एका बाकावर बसले होते. देवदत्त आधी जर्मनीत आला. त्सुफेनहाउझेनजवळच्या एका सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत त्याला काम मिळालं, इंजिन तापलं की ते थंड कसं ठेवायचं या विभागात. तीन वर्षांनी त्यानेच वासूला बोलावून घेतलं. चाळिशीत डॉक्टरांनी वासूला वजन कमी करायला सांगितलं तेव्हा सायकलही देवदत्तनेच घ्यायला लावली. आधी नेकार नदीच्या काठाने, मग ब्लॅक फॉरेस्टमध्ये, मग दोन उन्हाळे आल्प्समध्ये. दौऱ्याचा सगळा आराखडा देवदत्तचा असे. रोज किती किलोमीटर, किती चढ, कुठे पाणी, कुठे मुक्काम, सगळं एका लांबलचक तक्त्यात. वासू तक्ता उघडूनही बघत नसे. "प्लॅन देव्याचा, पाय माझे," म्हणायचा आणि मागून रमत गमत यायचा. वाटेत शेळ्या दिसल्या तरी थांबायचा.

दीड वर्षापूर्वीच्या जुलैत दोघं स्पेनला गेले. पिरेनीज डोंगरांची दक्षिणेकडची, उन्हाची बाजू. चौथ्या दिवशी एका घाटात वासूला उष्माघात झाला. हेलिकॉप्टर आलं, पण दुसऱ्या दिवशी पहाटे तो गेला. जगाला माहीत असलेली हकीकत अशी होती की त्या दिवशी पारा एक्केचाळीसच्या वर होता, देवदत्त गावात थांबूया म्हणत होता, पण वासू ऐकेना. चढायचंच म्हणून बसला. ही हकीकत पोलिसांच्या कागदावर होती. वासूच्या बायकोला, प्रभाला, तीच माहीत होती आणि तिच्याकडून सांगलीत वासूच्या आईला. हळहळताना लोक म्हणायचे, हट्टापायी गेला बिचारा.

ती हकीकत खोटी होती. खोटं काय आहे हे जगात फक्त एका माणसाला माहीत होतं, आणि तो आत्ता मैत्रेयीसमोर बसून म्हणत होता, "बरं. लॅपटॉप आण."

नाही म्हणायला त्याच्याकडे कारण नव्हतं. शिवाय त्याने मनाशी हिशेब केला, की ही पोर आपण नाही म्हटलं तरी जाणार. त्यापेक्षा आपल्या नजरेखालून प्लॅन झालेला बरा. दुपारभर दोघं जेवणाच्या टेबलाशी बसले. देवदत्तने रोजचं अंतर निम्म्यावर आणलं. पहाटे साडेपाचला निघायचं, अकराच्या आत मुक्कामावर पोचायचं. सायकलला दोन बाटल्या, पाठीवर तिसरी. मीठ-साखरेच्या पुड्या. दर पंधरा किलोमीटरवर माणसांची वस्ती हवी, नकाशावरच्या पाण्याच्या खुणेवर विश्वास ठेवायचा नाही. तो बोलत होता आणि मैत्रेयी लिहून घेत होती. एकदा तिने मान वर करून विचारलं, "हे सगळं तेव्हा पण होतं का प्लॅनमध्ये?"

"थोडंफार," तो म्हणाला.

चारच्या सुमाराला तिने बॅगेतून एक छोटी वस्तू काढली. वासूच्या सायकलच्या हँडलवरचं, वाटेची नोंद ठेवणारं मीटर. स्पेनच्या पोलिसांनी सामानाबरोबर परत पाठवलेलं. ते हॅनोव्हरला एका खोक्यात पडून होतं. तिने ते चार्ज करून त्यातली नोंद लॅपटॉपवर घेतली होती.

"हे बघ." पडद्यावर नकाशा होता, त्यावर एक निळी रेघ. "हे ते गाव. बाबा इथे पोचला बारा चाळीसला. चौकात थांबला. मग बघ, तो घाटाकडे नाही गेला. इकडे गेला, उलटा. तीनशे मीटर. इथे प्रवाशांचं हॉस्टेल आहे, मी बघितलं. दारात चार मिनिटं. मग परत चौकात आला आणि मग वर गेला." तिने काकाकडे पाहिलं. "हॉस्टेलला का गेला होता?"

देवदत्तला त्या दीड वर्षात अनेक प्रश्न विचारले गेले होते. हा कुणी विचारला नव्हता; त्यालाही हे माहीत नव्हतं. वासू हॉस्टेलच्या दारापर्यंत जाऊन परत फिरला होता, हे त्याला आज, या टेबलाशी कळत होतं.

"पाणी भरायला गेला असेल," तो म्हणाला.

"पाणी चौकात होतं ना? तुझ्याच तक्त्यात लिहिलंय."

"मग टॉयलेटला. मला आठवत नाही गं."

तिने मान डोलावली आणि नोंद बंद केली. त्या रात्री देवदत्तला झोप लागली नाही आणि स्वरूपाला ते कळलं.

रविवारी सकाळी त्याने सायकल तळघरातून वर अंगणात आणली. दोघांनी मिळून चेन साफ केली, चाकांत हवा भरली, ब्रेकचे रबर बदलले. थंडीने बोटं वाकत नव्हती. ब्रेकची तार ताणता ताणता मैत्रेयी म्हणाली, "काका, एक चेंज करायचा आहे. बाकी सगळे दिवस तू सांगशील तसं, पहाटे. पण चौथा दिवस मी त्याच टायमाला चढणार. एक वाजता निघणार."

"वेड लागलंय का तुला?"

"ऐक ना. आई मला रोज म्हणते, तू बापासारखी हट्टी आहेस. मी उशिरा आले तरी म्हणते, विषय बदलला तरी म्हणते. बाबाचं नाव घेतलं की तिला राग येतो. रडत नाही ती, रागावते. घरात त्याचा फोटो लावला नाही तिने, माहीत आहे तुला?" तिने हातातली पकड खाली ठेवली. "मला एकच बघायचंय. त्या उन्हात चढताना आतून कळतं की नाही, की आता बास. बाबाला कळलं नसेल तर तो हट्टी नव्हता, त्याला फक्त कळलं नाही. आणि कळूनही गेला असेल तर आईचं बरोबर आहे. मला एवढंच माहीत करून घ्यायचंय."

देवदत्तच्या हातात तेलाचा फडका होता. समोरच्या घरातली म्हातारी बाई पायऱ्या झाडत होती. पाळीप्रमाणे त्या आठवड्याची झाडलोट तिच्याकडे होती.

"त्याला कळलं होतं," तो म्हणाला.

"काय?"

"वासूला कळलं होतं. त्याने मला सांगितलं. चौकात. मला म्हणाला, देव्या, मला बरं वाटत नाहीये."

आणि मग अंगणात उभं राहून त्याने सगळं सांगितलं.

त्या दिवशी गावात पोचेपर्यंत वासूचा चेहरा लाल झाला होता. नळाखाली डोकं धरून तो म्हणाला होता, "देव्या, मला बरं वाटत नाहीये. डोकं ठणकतंय आणि घाम येईनासा झालाय. इथे हॉस्टेल आहे, आज राहू. उद्या पहाटे पाचला निघू." देवदत्तच्या तक्त्यात त्या दिवसाचा मुक्काम घाटापलीकडे होता. एक दिवस चुकला की पुढचे सगळे चुकणार होते. सगळ्यात मोठा घाट याच दिवशी होता आणि तो महिनाभर त्याचीच वाट बघत होता. तो म्हणाला, "तुझं दर वेळी हेच. आल्प्समध्येही हेच केलंस. चौदा किलोमीटर आहेत फक्त, मधे झरा आहे. तुला राहायचं तर राहा. मी निघालो." आणि तो निघाला. मागे वळून पाहिलं नाही. दोन वळणं गेल्यावर खाली चौकात वासूचा पिवळा शर्ट दिसला तेव्हा त्याला वाटलं, येईल. नेहमी येतो.

वाटेतला झरा कोरडा होता. देवदत्तच्या बाटलीत अर्धं पाणी होतं, ते पिऊन तो पुढे गेला. वासूला फोन करून झरा कोरडा आहे हे सांगावं असं त्याच्या डोक्यात आलं नाही. वर खिंडीत एका लहानशा चर्चच्या सावलीत तो आडवा झाला. फोटो काढले. एकदा फोन लावला, वासूने उचलला नाही. रुसला असेल, असं वाटलं. तासाभराने तो खाली उतरायला लागला. झऱ्याच्या खाली दोन वळणांवर, रस्त्याच्या कडेच्या दगडी कठड्याला टेकून वासू बसला होता. अंग चुलीवरच्या भांड्यासारखं तापलेलं आणि कोरडं. तो काहीतरी बोलत होता, पण त्यातला एक शब्दही लागत नव्हता.

"आणि आईला तू सांगितलंस..." मैत्रेयी जर्मनमध्ये म्हणाली आणि थांबली.

"हॉस्पिटलमधून तिला फोन केला. तिने पहिला प्रश्न विचारला, तुम्ही थांबला का नाहीत? आणि माझ्या तोंडून निघालं, वासू ऐकेना." देवदत्तने फडका खाली टाकला. "दोन शब्द. त्यानंतर पोलिसांनी विचारलं, त्यांना तेच सांगितलं. मग परत घ्यायला जमलंच नाही."

मैत्रेयी ओरडली नाही. तिने गुडघ्यांवर हात पुसले, सायकल उभी केली आणि सीटची उंची तपासली, जणू तेवढं एक काम राहिलं होतं. मग म्हणाली, "तो हॉस्टेलमधून परत का आला?"

"मला माहीत नाही, मैत्रेयी. खरंच माहीत नाही."

"मला माहीत आहे. तू एकटा होतास ना वर." तिने सायकल भिंतीला टेकवली. "आईला तू सांगायचं. मी नाही सांगणार. पुढच्या रविवारी ये. नाही आलास तर मी त्या मीटरमधली नोंद तिच्यासमोर ठेवीन आणि ती स्वतः ओळखेल."

दुपारच्या गाडीने ती सायकल घेऊन गेली. स्टेशनवर तिने काकाला येऊ दिलं नाही. स्वरूपा सोडायला गेली आणि वाटेत तिला सगळं समजलं. परत आल्यावर तिने कोट काढला नाही. तशीच दारात उभी राहून म्हणाली, "प्रभाच्या शेजारी मी तेरा दिवस बसले होते. तिला मी काय म्हणाले होते, आठवतं? हट्टी माणसांचं असंच असतं, प्रभा, तू स्वतःला दोष देऊ नकोस. हे मी म्हणाले. तू तिथेच उभा होतास, देवदत्त. पाण्याचा तांब्या घेऊन."

"स्वरूपा..."

"माझ्याही तोंडून वदवून घेतलंस ते."

त्या आठवड्यात घरात कामापुरतं बोलणं झालं.

रविवारी देवदत्त एकटाच हॅनोव्हरला गेला. चार तासांच्या प्रवासात त्याने काय बोलायचं ते तीन-चार वेळा जुळवलं. प्रभा लिंडन भागात तिसऱ्या मजल्यावर राहायची. वासू गेल्यावर तिने कंपनीकडे मागून घेऊन इथल्या ऑफिसात बदली करून घेतली होती. तिने दार उघडलं. "या भावजी. अचानक कसे?" केस पुष्कळ पांढरे झाले होते. आत मैत्रेयी खिडकीशी बसली होती. ती उठली नाही.

प्रभाने चहा टाकला. देवदत्तने जुळवून आणलेलं सगळं विसरून पहिल्याच वाक्याला मुद्द्याला हात घातला. थांबत, अडखळत त्याने पंधरा मिनिटांत सगळं सांगितलं. कोरडा झरा, अर्धी बाटली, चर्चची सावली, काही गाळलं नाही. प्रभा गॅस बंद करून ऐकत होती. चहा तसाच भांड्यात राहिला.

"त्याचे शब्द सांगा," ती म्हणाली.

"वहिनी..."

"त्याचेच शब्द. जसे म्हणाला तसे."

त्याने सांगितले. "देव्या, मला बरं वाटत नाहीये. डोकं ठणकतंय आणि घाम येईनासा झालाय. इथे हॉस्टेल आहे, आज राहू. उद्या पहाटे पाचला निघू."

"पहाटे पाचला निघू म्हणाला?"

"हो."

"म्हणजे शहाण्यासारखं बोलत होता." प्रभा खुर्चीवर बसली. "दीड वर्ष मी त्या माणसाशी भांडतेय, भावजी. सकाळी उठल्यावर भांडते. एका डोंगरासाठी पोरीला आणि मला टाकून गेलास म्हणून. वर्षश्राद्धाला सांगलीला गेले नाही मी. त्याचे कपडे देऊन टाकले, एक शर्ट ठेवला नाही. का ठेवू? त्याला आमच्यापेक्षा घाट मोठा होता ना? रडायलाच आलं नाही मला नीट. रागच येत राहिला." ती थांबली. "तुम्ही त्याला तिथे सोडून गेलात ते एक. माणसाकडून होतं, चूक होते. पण मेलेल्या माणसावर ढकललंत. त्याला येऊन सांगता येणार नव्हतं म्हणून."

देवदत्त मान खाली घालून बसला होता. माफी मागायचे शब्द त्याने गाडीत जुळवले होते, ते आत्ता तोंडातून निघाले असते तर त्याचे त्यालाच सहन झाले नसते.

"आईंना कोण सांगणार?" प्रभा म्हणाली. "तुमचं ते वाक्य त्यांना मी सांगितलं होतं. अजून म्हणतात, लहानपणापासून हट्टी होता, मीच लाडावून ठेवला, माझंच चुकलं. एक्याऐंशी वर्षांची बाई स्वतःला दोष देत बसलीय. मैत्रेयी, आजीला फोन लाव."

"आत्ता?" देवदत्त म्हणाला.

"आत्ता. सांगलीत सात वाजलेत. जागी आहेत."

मैत्रेयीने फोन लावून टेबलावरच्या फुलदाणीला टेकवून ठेवला. पडद्यावर वासूच्या आईचा, लताबाईंचा चेहरा आला, फार जवळ, अर्धा कापलेला. त्यांना कमी ऐकू येत असे आणि कानातलं यंत्र त्या लावत नसत.

"कोण? देवदत्ता? अरे वा! किती दिवसांनी रे! बरा आहेस का? बारीक झालास."

"आई, एक सांगायचंय."

"काय?"

"सांगायचंय! वासूबद्दल!"

"हां, वासूबद्दल." त्यांचा चेहरा उतरला. "बोल."

"आई, त्या दिवशी वासू थांबूया म्हणत होता."

"काय म्हणत होता?"

"थांबूया म्हणत होता!"

"मोठ्याने बोल बाबा, काही कळत नाही."

देवदत्त उभा राहिला. टेबलावर दोन्ही हात टेकून, फोनवर वाकून तो ओरडला, "तो थांबत होता आई! वासू थांबत होता! मी थांबलो नाही! मी त्याला सोडून पुढे गेलो! त्याने हट्ट केला नाही, मी खोटं सांगितलं!"

जिन्यात कुणाचं तरी दार उघडल्याचा आवाज आला. पडद्यावरून लताबाईंनी विचारलं,

"म्हणजे त्याने हट्ट नाही केला?"

"नाही आई."

त्यांनी पदराने तोंड पुसलं. एकदा, मग पुन्हा. "मग तू रे का नाही थांबलास?"

देवदत्तने तोंड उघडलं. तक्ता, मुक्काम, महिनाभर वाट बघितलेला घाट, यातलं काहीच त्या चेहऱ्यासमोर ठेवण्यासारखं नव्हतं.

लताबाई फोनच्या आणखी जवळ आल्या. पडद्यावर नुसता कान दिसत होता. "काय म्हणालास? ऐकू नाही आलं मला."

तो काहीच म्हणाला नव्हता.

प्रभाने फोन उचलला. "आई, मी तुम्हाला थोड्या वेळाने करते. मैत्रेयी बोलतेय तोवर." तिने फोन लेकीच्या हातात दिला, मैत्रेयी तो घेऊन आतल्या खोलीत गेली. दार लागल्यावर प्रभा म्हणाली, "भावजी, तुम्ही निघा आता." ती दारापर्यंत आली, तो बूट घालेपर्यंत थांबली आणि तो पायरी उतरायच्या आधीच तिने दार लावलं. जिन्यात एक मजला उतरल्यावर त्याला वरून रडण्याचा आवाज आला. एवढ्या मोठ्याने प्रभाला रडताना त्याने कधी ऐकलं नव्हतं, तेराव्यापर्यंतही नाही. तो परत वर गेला नाही. वर जाण्याचा हक्क आपल्याला उरलेला नाही, एवढं त्याला कळत होतं.

स्टुटगार्टच्या मराठी मंडळींत बातमी महिन्याभरात पोचली. काही जण त्याच्याशी बोलेनासे झाले. काही जण मुद्दाम जवळ येऊन, खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "अरे, अपघातच शेवटी तो." त्याला न बोलणारे बरे वाटत. स्पेनच्या पोलिसांना त्याने नव्याने जबानी लिहून पाठवली, भाषांतर करून, सही करून. सात आठवड्यांनी चार ओळींचं उत्तर आलं. प्रकरण बंद झालेलं आहे; नव्या माहितीने निष्कर्षात फरक पडत नाही. त्याने ते स्वरूपाला वाचून दाखवलं. "मग? सुटलास असं वाटलं का?" तिने विचारलं. तो नाही म्हणाला आणि ते खरं होतं. त्याला शिक्षा हवी होती आणि ती द्यायला कुणी मोकळं नव्हतं.

मैत्रेयीने दौऱ्याचा प्लॅन पुन्हा पहिल्यापासून केला. एकटीने. जुलै रद्द करून सप्टेंबरचा शेवट ठरवला, कारण आता भर उन्हात चढून तिला काही शोधायचं उरलं नव्हतं. हे देवदत्तला कळलं ते निघायच्या दोन दिवस आधी, स्वरूपाला बॅग भरताना पाहून. प्रभा भाड्याची गाडी घेऊन लेकीच्या मागोमाग जाणार होती, आणि डोंगरातल्या रस्त्यांवर एकटीने गाडी चालवायची भीती वाटते म्हणून तिने स्वरूपाला बोलावलं होतं.

"तुला बोलावलं?" तो म्हणाला.

"हो. मलाही आश्चर्य वाटलं."

"मैत्रेयीला सांग, त्या घाटातला झरा नकाशावर दाखवतात, पण तिथे पाणी..."

"तिला माहीत आहे, देवदत्त." स्वरूपाने बॅगेची चेन ओढली. "सगळं माहीत आहे तिला."

नऊ दिवस तो घरात एकटा होता. कामावर जात होता, परत येत होता. फोन आला नाही. रोज सकाळी तो तिकडचं तापमान बघायचा. बावीस, चोवीस, एकदा पाऊस.

दहाव्या दिवशी संध्याकाळी स्वरूपा परत आली. चेहरा उन्हाने रापला होता. तिने हातपाय धुतले, भात टाकला, आणि त्याने विचारल्यावर सांगितलं. मैत्रेयी पहाटे निघून साडेआठला त्या वळणावर पोचली. प्रभा आणि स्वरूपा गाडीने आधीच जाऊन थांबल्या होत्या. कठड्यापाशी तिघी तासभर बसल्या. प्रभाने तिथे दगडावर हात ठेवून वासूशी काहीतरी बोलून घेतलं. काय ते स्वरूपाने ऐकलं नाही, ती मुद्दाम लांब जाऊन उभी राहिली होती. मग मैत्रेयी वरच्या खिंडीपर्यंत चढली आणि पलीकडे उतरली. जेवायला एका गावात थांबल्या. प्रभा खूप दिवसांनी पोटभर जेवली.

"आणि वासूचा फोटो लावलाय तिने आता घरात," स्वरूपा म्हणाली. "शेळ्यांबरोबरचा. तो हसतोय त्यात."

कुकरची शिट्टी झाली. देवदत्तने गॅस बारीक केला. जे विचारायचं नाही असं दहा दिवस ठरवलं होतं ते त्याने विचारलंच.

"माझ्याबद्दल काही म्हणाली का प्रभा?"

स्वरूपाने त्याच्याकडे नीट पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. तो असता तर त्याला बरं वाटलं असतं.

"नाही," ती म्हणाली. "नऊ दिवसांत तुझा विषयच निघाला नाही. ताटं घे."

त्याने दोन ताटं काढली आणि पुसून टेबलावर ठेवली.